घाटाच्या अलीकडे थांबलेली गाडी

मी वेरूळला जाऊन आले, पण लेणी पाहिली नाहीत. गौताळ्याच्या डोंगरांखाली एक रात्र राहिले, पण डोंगर चढले नाही. त्यामुळे याला प्रवासवर्णन म्हणावं की नाही, याची मला खात्री नाही. त्या तीन दिवसांतला बराच वेळ मी एका गाडीच्या आत, नाहीतर तिच्या बॅटरीच्या पेटीसमोर गुडघ्यांवर बसून काढला. पण वसतिगृहातल्या मैत्रिणींनी विचारलं, "तीन दिवस कुठे फिरत होतीस?" तेव्हा मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. म्हणून सावकाश लिहिते आहे.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दिवाळीच्या सुट्टीत चार आठवडे कुठेतरी प्रत्यक्ष काम करून कॉलेजला अहवाल द्यायचा असतो. वर्गातल्या बहुतेकांना ओळखीने बिडकीनच्या नव्या कारखान्यांत जागा मिळाली. माझी कुणाशी ओळख नव्हती. शेवटी मेसच्या मावशींनी त्यांच्या गल्लीतल्या सलीमचाचांचं नाव सांगितलं.

सलीमचाचा साठीला आले आहेत. क्रांती चौकाजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात त्यांनी उमेदीची वर्षं काढली. रुग्णवाहिका, फिरते दवाखाने, लग्नाच्या बँडच्या गाड्या, सगळ्यांचं वायरिंग त्यांनी केलं. आता टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, फ्रीज बसवून फिरणारे लोक वाढलेत. अशा गाड्या बिघडतात त्या घरापासून लांब, माळावर नाहीतर डोंगरात. गाडी दुकानात येऊ शकत नाही, म्हणून चाचा दुकान घेऊन गाडीकडे जातात. त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये मागची बाकं काढून लाकडी खण केलेत. बॅटऱ्या, तारांची वेटोळी, फ्यूजचे डबे, आणि चाचीने दिलेला चार पुडांचा डबा. मी गेले तेव्हा त्यांनी माझं प्रमाणपत्र पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "गाडीत बसलीस तर उलटी होते का?"

मी नाही म्हटलं.

वेरूळच्या अलीकडे

पहिल्या दिवशी सकाळी फोन आला. मुळेकाका म्हणून कुणी होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची गाडी वेरूळच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात उभी होती आणि आतली वीज सारखी जात होती.

दौलताबादचा किल्ला मागे टाकून आम्ही खुलताबादचा चढ चढलो. रस्त्याच्या कडेला बायका सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. चाचांनी व्हॅन थांबवून सहा सीताफळं घेतली, प्रत्येक फळ दाबून पाहिलं. "ही दोन आजची, ही उद्याची, ही परवाची," ते म्हणाले. आमच्या गावाकडे सीताफळं बांधावर असतात. पिकलं की खायचं, विकत घेताना असं नियोजन करावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं.

मुळेकाकांची गाडी बाहेरून साधी, दुधी रंगाची होती. आत गेले आणि मी दारातच थांबले. छोटंसं, नीटनेटकं घर होतं ते. पडदे होते, भिंतीला खिळवलेला मसाल्याचा डबा होता, पलंगाच्या उशाशी एक चौकोनी पांढरं यंत्र घुमत होतं. त्यातून निघालेली पारदर्शक नळी पलंगावर बसलेल्या बाईंच्या नाकाशी गेली होती.

"ये, आत ये," त्या म्हणाल्या. "चपला असू देत. मी सुमती. तुम्ही काकू म्हणा."

चाचांची एक पद्धत आहे. गाडीत शिरल्यावर ते लगेच काही उघडत नाहीत. "दहा मिनिटं हात नक्को लावू," ते मला म्हणाले. "बस. ऐक. वास घे." मग मालकाला सांगतात, तुम्ही रोज जे करता ते करा. काकांनी चहा ठेवला, पंखा लावला, फ्रीज उघडला. चौथ्या-पाचव्या मिनिटाला दिवा मिणमिणला आणि काकूंच्या यंत्राने शिट्टी दिली. काकांचा चेहरा एकदम उतरला. काकू मात्र नळी सरळ करत शांत बसून राहिल्या.

बिघाड साधा निघाला. बॅटरीच्या मागच्या बाजूला, तारेच्या टोकाला बसवलेलं तांब्याचं कडं सैल होऊन हिरवं पडलं होतं. ते घासून, नवीन बसवून, आवळायला मला सांगितलं. मी आवळत असताना काकू वरून बोलत होत्या.

त्यांची फुप्फुसं आखडली आहेत. झोपताना आणि जरा चाललं की नंतर तासभर, ते ऑक्सिजनचं यंत्र लागतं. चार वर्षांत त्या दवाखान्यापलीकडे कुठे गेल्या नव्हत्या. शाळेत भूगोल शिकवायच्या. "नर्मदा इतक्या वेळा फळ्यावर काढली," त्या म्हणाल्या, "की डोळे मिटून काढेन. पण पाहिलेली नाही. महेश्वरला जायचंय. ह्यांनी त्यासाठी गाडी केली."

"आणि निखिलने अट घातलीय," काका म्हणाले. निखिल त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. "यंत्राला काही झालं की त्याच क्षणी गाडी परत."

"परत म्हणजे कायमचं परत," काकू म्हणाल्या. "पुन्हा कुणी मला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही."

मग मला विचारलं, "तू कुठली गं?"

"पिशोरच्या जवळची."

"म्हणजे अंजना नदी." असं उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. सगळे विचारतात, पिशोर कुठे आलं.

संध्याकाळी आम्ही शहरात परत आलो. 'उद्याची' म्हणून ठेवलेल्या सीताफळांतलं एक चाचांनी मला दिलं. ते वसतिगृहात पोचेपर्यंत पिशवीत फुटलं आणि माझी वही चिकट झाली.

कन्नडच्या पुढे

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा काकांचा फोन. आवाज घाबरलेला होता. "सलीमभाई, गाडी चावतेय."

"चावतेय म्हणजे?"

"पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. दाराला, पायरीला, सगळीकडे."

"सप्लाय काढून टाका. बॅटरीवर रहा. मैं आया," चाचा म्हणाले.  कालच काम करून आलेल्या गाडीत आज दोष निघाला, हे त्यांना लागलं होतं. माझ्याही मनात आलं, मी आवळलेलं कडं तर नसेल?

कन्नड ओलांडल्यावर हवा बदलते. कापसाची वेचणी चालली होती, मक्याच्या कणसांचे ढीग रस्त्यालगत वाळत घातले होते. समोर गौताळ्याचे डोंगर, आणि हा रस्ता पुढे घाटातून चाळीसगावकडे उतरतो. महेश्वरला जायचं तर काकूंना हाच घाट उतरायचा होता. त्या घाटाच्या अलीकडे, भाऊसाहेब नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात गाडी उभी होती. काका कन्नडच्या शाखेत असतानाची त्यांची ओळख. भाऊसाहेबांनी आग्रहाने मुक्कामाला बोलावलं होतं आणि विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीच्या खोलीतून लांब वायर ओढून गाडीला वीज दिली होती.

"पाव्हण्याला अंधारात ठिवायचं का?" ते आम्हाला म्हणाले. "पर गाडीच लई नाजूक निघाली."

चाचांनी तपासणी सुरू केली. गाडीतलं सगळं बंद केलं आणि वीज जोडली. मीटरची एक तार गाडीच्या पत्र्याला लावली, दुसरी ओल्या जमिनीत खुपसलेल्या स्क्रूड्रायव्हरला. आकडा जवळजवळ शून्य. मग फ्रीज लावला. पंचवीस व्होल्ट. फ्रीज काढून पाण्याची विजेची केटली लावली. नव्वद.

"केटली खराब," चाचा म्हणाले. ती बाजूला ठेवली. काकूंचं यंत्र लावलं. चाळीस.

"हे पण खराब?" काकांनी विचारलं.

चाचांनी यंत्र काढलं. पंखा लावला, तोही चावला. मोठी वस्तू लावली की मोठा झटका, लहान वस्तूला लहान. सगळ्याच वस्तू एका दिवसात कशा बिघडतील? चाचांनी ठरवलं की पत्र्याखाली कुठेतरी तार दबली असेल. त्यांनी भिंतीच्या फळ्या एकेक करून उघडायला सुरुवात केली. मी स्क्रू एका वाटीत ठेवत होते. दिवस कलला तरी दबलेली तार सापडली नाही.

मी हात धुवायला विहिरीकडे गेले. तिथे मोटारीच्या खोलीच्या मागे, पाण्याच्या हौदाला लागून, जमिनीत एक लोखंडी सळई रोवलेली होती. सळईला उघडी तार गुंडाळलेली. भोवती वीतभर माती ओली आणि शेजारी पत्र्याचा डबा पालथा.

मला ते बघताक्षणीच कळलं, कारण आमच्या घरी तसंच आहे.

हे थोडं समजावून सांगते. शेतातल्या मोटारीला विजेच्या तीन तारा येतात. विजेला परत जायला लागते ती चौथी तार, न्यूट्रल, मळ्यात येत नाही. मोटारीला तिची गरज नसते. पण मळ्यात घर असतं आणि घराला दिवा लागतो. मग तिनांतल्या एका तारेवरून वीज घेतात आणि परतीची वाट म्हणून जमिनीत सळई ठोकतात. माती सुकली की दिवा मंद होतो. मग सळईच्या बुडाशी डबाभर पाणी ओतायचं, दिवा उजळतो. लहानपणी आमच्या घरी ते पाणी ओतायचं काम माझं होतं. त्या उजेडात मी दहावीचा अभ्यास केला.

पण ती वाट अरुंद असते. जास्त वीज जायला लागली की ती सळईशी तुंबते आणि सळईला जोडलेलं सगळं चावायला लागतं. भाऊसाहेबांच्या बोर्डातली अर्थिंगची पिन त्याच सळईला जोडलेली असणार, आणि त्या पिनेतून गाडीचा सगळा पत्रा. म्हणजे गाडीत दोष नव्हताच.

मी तिथे उभी होते तेवढ्यात भाऊसाहेबांच्या आई म्हशीला हौदावर घेऊन आल्या. मळ्यातले दिवे तेव्हा लागले होते. म्हशीने मान पुढे केली, फुरफुरली आणि मागे सरली. आजींनी काठी हाणली. म्हैस तरी पुढे जाईना.

"चंद्री लई हट्टी हाय," आजी म्हणाल्या. "दिवसा पिती. सांजच्याला तोंडच घालत नाय. कुणाची नजर लागली काय की."

मला बोलायला हवं होतं. मी बोलले नाही.

पहिल्या वर्षाला असताना सरांनी वर्गात अशाच जोडणीचं चित्र दाखवलं होतं. "हे बघा आपले लोक," असं म्हणून सर हसले आणि वर्ग हसला. मीही हसले होते, सगळ्यांत शेवटी. तेव्हापासून ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आता चाचांना सांगायचं तर ते विचारणार, तुला कसं माहीत? शिवाय ज्यांच्या घरी जेवायचं त्यांची चूक कशी काढायची? आणि पस्तीस वर्षं काम केलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नसेल असं कसं होईल, असंही मी स्वतःला समजावलं. नंतर कळलं की चाचांचा जन्म शहरातला. बोर्डाच्या मागे फेज आणि न्यूट्रल, वीज आणणारी आणि परत नेणारी तार, असणारच असं ते धरून चालत, तपासायची वेळच आली नव्हती.

रात्री जेवायला बाजरीच्या भाकरी, येसरची आमटी आणि मिरचीचा ठेचा होता. आजींनी चाचांना विचारलं, "आमच्यातलं चालतंय न्हवं?"

"अम्मा, भाकरीला कोण ना म्हणतं," चाचा म्हणाले आणि चौथी भाकरी घेतली. वर चाचीने दिलेली शाही तुकड्यांची डबी आजींपुढे ठेवली. आजींनी बोटावर घेऊन चाखलं. "साखर बक्कळ घातलीय," एवढंच म्हणाल्या, आणि डबी स्वतःजवळ ठेवून घेतली.

चाचांनी काकांना बजावलं, सकाळी मी सांगेपर्यंत वीज जोडायची नाही. काकूंचं यंत्र रात्रभर बॅटरीवर चाललं. चाचा व्हॅनमध्ये झोपले, मी आजींच्या शेजारी. पडल्यावर दोनदा वाटलं, उठून सांगावं. मग वाटलं, वीज तर काढलेलीच आहे, सकाळी सांगू.

अंगणातला सडा

सकाळी चाचा काकांचा निरोप घेऊन कन्नडला गेले. त्यांना फळीआडच्या तारा बदलायला सामान हवं होतं. मी आजींना शेण कालवून देत होते. भाऊसाहेबांच्या सुनेने अंगणात सडा टाकला, थेट गाडीच्या पायरीपर्यंत, आणि पायरीसमोर पाहुण्यांसाठी छोटी रांगोळी काढली.

रात्रभरात बॅटरी उतरली होती. यंत्राने एकदा शिट्टी दिली. काकांना भीती वाटली की यंत्र बंद पडेल. चाचांचं सांगणं त्यांच्या लक्षात होतं, पण त्यांनी विचार केला, पाचच मिनिटं. त्यांनी वीज जोडली आणि सवयीने केटलीचंही बटण दाबलं.

तेवढ्यात काकू उतरायला निघाल्या. ताज्या सड्यावर चपला घालून कसं चालायचं, म्हणून त्यांनी चपला पायरीवरच काढल्या. एका हाताने दाराचा लोखंडी दांडा धरला आणि अनवाणी पाय ओल्या जमिनीवर ठेवला.

त्या ओरडल्या नाहीत. फक्त हिसका बसल्यासारख्या बाजूला पडल्या. मी धावले, पण आधी मोटारीच्या खोलीकडे. खटका पाडला, आणि मग त्यांच्याकडे. कोपर खरचटलं होतं आणि श्वास लागला होता. पाण्याच्या बाटलीएवढं ऑक्सिजनचं एक छोटं सिलिंडर गाडीत होतं. काकांनी त्याची नळी लावली. अर्ध्या तासाने त्यांच्या ओठांचा रंग परत आला.

काकांनी पुण्याला फोन केला. निखिलचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "बाबा, बास. गाडी वळवा. आजच्या आज घरी."

"हो. वळवतो," काका म्हणाले.

 काकू खाटेवर बसून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत होत्या.

चाचा परत आले, त्यांना सगळं कळलं. ते गाडीजवळ जाऊन उघड्या फळ्यांकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या मागे गेले. 

"चाचा, गाडीत काही नाही."

"मतलब?"

मी त्यांना विहिरीकडे नेलं आणि सळई दाखवली. पाणी ओतायचा डबा दाखवला. बोर्डापासून आलेली तार दाखवली. भाऊसाहेबही मागोमाग आले होते. माझं ऐकून त्यांचा चेहरा कठीण झाला.

"माझ्या वडलांनी ठोकलेली सळई हाय ती. आजपोत्तर कुणाला काय झालं नाय."

"चंद्रीला आणता का?" मी म्हणाले. "मी लाईट चालू करते. केटली पण लावते. मग बघू."

मी दोन्ही चालू केलं, तोवर आजी चंद्रीला घेऊन आल्या. सकाळची वेळ, ती रोज पिते ती. तिने मान हौदाकडे नेली, तोंड पाण्याला टेकलं न टेकलं तोच फुरफुरून मागे हटली. मी जाऊन खटका पाडला. आजींनी तिला पुन्हा पुढे केलं. ती थोडा वेळ दबकत उभी राहिली. मग तिने तोंड घातलं आणि सलग पीत राहिली. हौदाचं पाणी उतरलेलं दिसत होतं, एवढं ती प्यायली.

 भाऊसाहेबांनी डोक्याची टोपी काढून हातात घेतली. आजी काठीवर रेलून म्हशीकडे बघत होत्या. "रोज मारलं की गं मी हिला," त्या म्हणाल्या.

चाचा उकिडवे बसून सळईकडे बघत होते. "मैं गाडी में ढूँढ रहा था," ते हळू म्हणाले. मग मान वर करून विचारलं, "तेरेकू कैसे मालूम?"

"आमच्याकडं बी असंच हाय," मी म्हणाले. तीन वर्षं शहरात मी असं बोलले नव्हते.

काकू काकांच्या हाताला धरून तिथवर आल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी मला विचारलं, "तुला आज कळलं की काल?"

खोटं बोलता आलं असतं. कुणी पडताळून पाहणार नव्हतं.

"काल," मी म्हणाले. "सांजच्याला."

"मग?"

"लाज वाटली."

काकूंनी माझी समजूत घातली नाही. आधी त्यांनी श्वास जमवला. मग म्हणाल्या, "उत्तर येत असून खाली बघणारी मुलं मला वर्गात लगेच ओळखू यायची. काल तुझ्याकडे बघायचं राहिलं." खरचटलेलं कोपर त्यांनी पदराने झाकलं. "आता बस इथे आणि मला सगळं शिकव. ह्यांना नको. मला."

खाटेवरचा वर्ग

चाचांनी व्हॅनमधून त्यांचा जादा मीटर आणून दिला. आम्ही खाटेवर बसलो. पुढे कुठेही वीज घ्यायची वेळ आली तर गाडी जोडण्याआधी काय करायचं, ते मी सांगत गेले आणि चुकलं तिथे चाचा दुरुस्त करत गेले. मीटरच्या दोन तारा बोर्डाच्या दोन भोकांत. आकडा बघायचा. मग त्याच बोर्डावर केटली लावायची आणि पुन्हा बघायचा. वीसपेक्षा जास्त उतरला तर ती वीज घ्यायची नाही. दुसरी तपासणी, केटली चालू असताना एक तार बोर्डाच्या वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात, दुसरी जरा लांब ओल्या जमिनीत. तिथे जवळपास शून्यच दिसायला हवं. हे होईपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही आणि पायात रबरी चप्पल हवी, सडा असला तरी.

काकूंनी एका कागदावर बोर्डाचं चित्र काढलं. भोकांना नावं दिली, बाण काढले. मग मला त्यांची परीक्षा घ्यायला लावली. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बरोबर केलं.

काका अजून घुटमळत होते. "तू शिकलेली आहेस. तू सांग," ते मला म्हणाले. "वळवू की नको?"

आयुष्यात कुणी मोठ्या माणसाने मला असं विचारलं नव्हतं.  जेवढं मला खरं माहीत होतं तेवढंच सांगितलं. गाडीत दोष नाही. यंत्र चांगलं आहे. पण अशी सळई पुढेही कुठे भेटू शकते, आणि भेटणार नाही असं मी सांगू शकत नाही. प्रत्येक ठिकाणी तपासावं लागेल. कंटाळा आला, उशीर झाला, तरीसुद्धा.

"तपासणं माझ्याकडे," काकू म्हणाल्या. त्यांनी काकांच्या हातून फोन घेतला. "निखिल, मी बोलतेय. मला लागलंय, पण थोडं. कारण सापडलंय. नाही, तू ऐक. घरी मी चार वर्षं सुरक्षित बसले. आम्ही घाट उतरतोय." पलीकडे तो बरंच बोलला. काकू ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "रोज संध्याकाळी फोन करीन," आणि फोन ठेवला.

चाचांनी आणि मी फळ्या पुन्हा बसवल्या. गाडी निघाली तेव्हा दुपार झाली होती. मळ्याच्या फाट्यावर ती क्षणभर थांबली. उजवीकडे संभाजीनगर, डावीकडे घाट. ती डावीकडे वळली.

आम्ही लगेच निघालो नाही. सळईची तार तोडली तर भाऊसाहेबांच्या घरात अंधार, आणि ठेवली तर कुणाचा तरी जीव जायचा. गावातून न्यूट्रलची तार आणायचा अर्ज त्यांनी मागेच केला होता, तो कुठे अडकला होता त्यांनाही माहीत नव्हतं. चाचांनी विचार करून व्हॅनमधली एक जुनी बॅटरी काढली. फिरत्या गाडीत जसे दिवे असतात तसे चार छोटे दिवे घरात आणि गोठ्यात लावले. बॅटरी भरायची ट्रॅक्टरवर. मोटारीशिवाय दुसरं काही आता त्या लाईनवर राहिलं नाही. सळई भाऊसाहेबांनी स्वतः पहारीने उपटली. "बापाचं काम मोडतोय," ते म्हणाले, आणि जरा वेळाने, "पर त्यास्नी तरी कुणी सांगितलं व्हतं."

परतताना मी व्हॅनमधून घरी फोन केला. अप्पांना सळईबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "इतकी वर्सं तूच पाणी घालायचीस की."

"व्हय. तेव्हा मला ठावं नव्हतं."

"अन् मग आता कळाल्यावर सांगायला येवढा उशीर?"

 येत्या रविवारी मी एक जुनी बॅटरी घेऊन गावी जाणार आहे. चाचांनी ती वेगळी काढून ठेवलीय. तोवर सळईजवळ कुणी जायचं नाही, असं अप्पांकडून कबूल करून घेतलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी काकूंचा फोन आला. मी अहवाल लिहीत होते आणि गाडीचा दोष कोणता, या रकान्यात काय लिहावं ते मला सुचत नव्हतं. आवाज दमलेला होता, पण वाक्यं पूर्ण येत होती.

"एका ढाब्यावर थांबलो होतो," त्या म्हणाल्या. "मालक भला माणूस. लगेच वायर घेऊन आला. मी मीटर लावला. दोनशे तीस. केटली लावली, तर दीडशे."

"मग?"

"मग मी त्याला सांगितलं, दादा, नको. ह्यांना फार अवघडल्यासारखं झालं. तो माणूस एवढ्या प्रेमाने देतोय आणि आपण नाही म्हणायचं. मला म्हणाले, एक रात्र चालून जाईल."

"तुम्ही काय म्हणालात?"

"गाडीत बसा, म्हटलं. पुढे पंचवीस किलोमीटरवर एक शाळा सापडली. तिथे केटलीने फक्त चार उतरले, आणि जमिनीत शून्य. काल रात्री तिथे झोपलो. छान झोपले मी."  त्यांच्या मागे खूप पाणी असल्यासारखा आवाज येत होता, आणि कुणीतरी कपडे आपटत होतं.

"काकू, आता कुठे आहात?"

"पायऱ्यांवर," त्या म्हणाल्या. "फळ्यावर मी हिला फारच अरुंद काढत होते गं."